होरीचे एकशेवीस रुपये

दिवाळीच्या दिवसांत, पुढ्यात फराळाचे ताट असताना कर्जाचा विषय काढू नये, हे मला कळते. पण जिच्याविषयी लिहायचे मी योजले आहे, त्या कादंबरीत कर्ज डोकावत नाही असे प्रकरण सापडणे कठीण. ती कादंबरी म्हणजे प्रेमचंदांची ‘गोदान’. पुष्कळांनी ती वाचली असेल. मीही वाचली होती. तरी गेल्या उन्हाळ्यात ती मला पुन्हा कपाटातून काढावी लागली, त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या भागात साखर कारखाना यावा म्हणून एका बँकेची खटपट चालली आहे. तिचे अधिकारी आमच्या शाळेच्या सभागृहात आले. कारखान्याचे भाग घ्या, भागाला पैसे नसतील तर कर्ज आम्ही देतो, असे त्यांनी मोठ्या गोडीने सांगितले. स्वागताचे भाषण मीच लिहिले होते. त्यात ‘प्रगतीची गंगा’ वगैरे जे घालायचे असते ते सारे होते. सभा संपत आली, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी उठला. त्याची तीन एकर जमीन आहे. तो पाहुण्यांना नव्हे, मलाच म्हणाला, “गुरुजी, उसाचे पैसे आधी कुणाच्या हातात पडणार, तेवढं यांना विचारा की!” लोक हसले. मीही हसलो, आणि आभाराला उभा राहिलो.

त्या रात्री मला होरीची आठवण झाली.

प्रेमचंदांनी कारखाना गावाच्या वेशीवर आणला, तो प्रथम ‘रंगभूमी’त, १९२५ साली. बनारसजवळच्या पांडेपुरात जॉन सेवक नावाच्या व्यापाऱ्याला सिगारेटचा कारखाना काढायचा आहे. त्यासाठी हवी असलेली जमीन सूरदास या आंधळ्या भिकाऱ्याची. तिथे गावची गुरे चरतात, म्हणून तो ती विकत नाही. जॉन सेवक मग कुँवरसाहेबांच्या गळ्यात भाग घालतो, नगरपालिकेच्या अध्यक्षांना वळवतो, गोऱ्या अधिकाऱ्याला घरी बोलावतो. शिफारशीची ही सारी साखळी प्रेमचंदांनी कडी न् कडी दाखवली आहे. सूरदास हरतो; पण त्याचा नकार साऱ्या कादंबरीत घुमत राहतो.

‘गोदान’ १९३६ ची. मधल्या अकरा वर्षांत काय झाले? १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळाले आणि तीस-बत्तीस कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर कारखाने झाले. पैसेवाल्यांना नवे कुरण सापडले. ‘गोदान’मधले खन्ना हे त्यांतलेच एक. ते बँकेचे मॅनेजर आहेत आणि साखर कारखान्याचे चालकही. खादी वापरतात, तुरुंगात जाऊन आले आहेत, विलायती मद्यही पितात. शिकारीला गेले तरी त्यांचे लक्ष सावजापेक्षा रायसाहेबांकडे. त्यांनी कारखान्याचे भाग घ्यावेत म्हणून ते पिच्छा पुरवतात. हे पात्र खलपुरुष म्हणून रंगवलेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. खन्ना आपल्या परीने देशाची भरभराटच करीत आहेत.

मात्र बेलारी गावात जाऊन त्यांनी कुणाला काही विचारले नाही. विचारण्याची गरजच उरलेली नाही. कारखान्याचा माणूस गावोगाव फिरून उभा ऊस विकत घेतो. गूळ करण्यात काही राहत नाही हे शेतकऱ्यांना पटते, आणि सारा गाव ऊस द्यायला तयार होतो. होरीला बैलजोडी घ्यायची आहे. सूरदासाने नकार दिला होता. होरी आनंदाने गाडी भरतो. अकरा वर्षांत प्रेमचंदांची दृष्टी किती खोल गेली, ते या एका फरकात दिसते.

पुढचा प्रसंग तर मी वर्गात मोठ्याने वाचू शकलेलो नाही. कारखान्यात पैसे वाटतात त्याच ठिकाणी सावकार झिंगुरीसिंग येऊन बसला आहे. होरीच्या उसाचे १२० रुपये होतात. झिंगुरीसिंग आपले मुद्दल-व्याज कापून घेतो आणि कसेबसे २५ त्याच्या हातावर ठेवतो. बाहेर जमीनदाराचा कारभारी नोखेराम उभाच. होरी ते पंचवीसही त्याच्या हातावर ठेवतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. गिरधर नावाच्या शेतकऱ्याने एक आणा तोंडात लपवून वाचवला. त्याची तो ताडी पितो आणि हसत-झोकांड्या खात होरीपुढे येतो. लेखक भाष्य करीत नाही. कारखान्याने पैसा आणला, हे खरे. पण तो दारापासून चार पावलेसुद्धा होरीच्या खिशात राहिला नाही.

कादंबरीला उणिवा नाहीत असे नव्हे. शहरातली प्रकरणे सैल आहेत. तिथली माणसे बोलतात फार. मजुरी कापल्यावर संप होतो, कारखान्याला आग लागते, खन्ना धुळीला मिळतात आणि मग त्यांना पत्नीची थोरवी कळते. हा शेवट मला सोयीचा वाटतो. खरे खन्ना इतक्या लवकर जळत नाहीत. ती आग नसती तरी त्या १२० रुपयांचा हिशेब पुरेसा होता.

मग कारखाना नकोच, असे का म्हणायचे? ते प्रेमचंदही म्हणत नाहीत. आपल्याकडे १९५० साली लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग जमवून कारखाना उभा केला; अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले, आणि सहकारी बँकेचे धुरीण वैकुंठभाई मेहता यांचे बळ पाठीशी होते. तिथेही बँक होतीच. पण ऊस घालणारा माणूसच कारखान्याचा मालक होता. आता पुष्कळ ठिकाणी ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज आधी वळते होते. सोसायटीचा सचिव म्हणजे झिंगुरीसिंग नव्हे, व्याजही तसले नव्हे. तरीही बिलाची चिठ्ठी हाती घेऊन मुकाट्याने घरी निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

माझ्या विद्यार्थ्याने ‘गोदान’ वाचलेले नाही. तरी त्याच्या प्रश्नात त्या प्रकरणाचे सार होते, आणि ते पुस्तक दोनदा वाचलेला मी मात्र आभार मानीत होतो. पुढची सभा दिवाळीनंतर आहे. स्वागताचे भाषण या खेपेला दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावे, असे मी मुख्याध्यापकांना सांगितले आहे. मी त्या मुलाच्या शेजारी बसणार आहे. प्रश्न विचारायचा आहे.