क्रेन मध्यभागी आली

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. हौशी छायाचित्रकारांनी जमून आपली कामे मांडावीत, ही आपल्याकडची रीत इतकी जुनी.

आज पुनावळ्यातला हौशी छायाचित्रकार पवनेच्या बाजूला कॅमेरा घेऊन निघाला, तर समोर अर्धवट इमारती, क्रेन आणि मधेच तग धरून राहिलेला उसाचा तुकडा. असे छायाचित्र मंडळात दाखवले की प्रतिसाद बहुधा दोनच: ‘मस्त!’ किंवा ‘क्रेन मध्यभागी आली, एक तृतीयांशावर हवी होती.’ पहिल्याने काही कळत नाही. दुसरा अधिक घातक, कारण तो ज्ञानासारखा भासतो.

मुळात हा नियम छायाचित्रणाचा नाहीच. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना तो मांडला; दागेरचे तंत्र जाहीर झाले १८३९ मध्ये! स्मिथ बोलत होता तो आकाश-जमिनीच्या, उजेड-सावलीच्या प्रमाणाबद्दल.

‘क्रेन मध्यभागी आहे’ हे निरीक्षण झाले, दोष नव्हे. तिची सावली उसावर पडत असेल, तर मध्यभागच योग्य. समीक्षकाने आपली नजर कुठे थांबली, ते सांगावे. ऊस दिसलाच नाही, तर तसे सांगावे. त्यावर छायाचित्रकाराने ‘मला तेच दाखवायचे होते’ असा वाद घालू नये. पुन्हा जावे, सकाळच्या तिरप्या उजेडात, खाली बसून, ऊस पुढे घेऊन. तोवर तो तिथे राहिला असेल, तर.