कार्बनचा हिशेब आणि विश्वासाचा प्रश्न : अणुऊर्जाविषयक ‘जनजागृती’ची चिकित्सा

भारतातील अणुऊर्जेच्या समर्थनाची भाषा गेल्या दोन दशकांत लक्षणीयरीत्या बदलली आहे. तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या, तेव्हा स्वावलंबन, विज्ञाननिष्ठा आणि राष्ट्रउभारणी हे या समर्थनाचे परवलीचे शब्द होते. आज त्यांची जागा कार्बन उत्सर्जनाने घेतली आहे. फेब्रुवारी २०२५ मधील केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीजक्षमतेचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्या वेळी देशाची स्थापित क्षमता नऊ गिगावॉटही नव्हती. एवढी मजल मारायची तर नव्या जागा लागणार, आणि नवी जागा म्हणजे बहुधा कोणाची तरी शेती, चराई किंवा मासेमारीचा किनारा. त्यामुळे उद्दिष्टाच्या जोडीने ‘लोकांच्या मनातील गैरसमज दूर करणे’ हा शब्दप्रयोगही पुन्हा प्रचारात आला आहे. प्रस्तुत लेखात या शब्दप्रयोगामागील गृहीतकाची चिकित्सा केली आहे. कार्बनचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न प्रकल्पस्थळी फारसा कोणी विचारलेलाच नाही.

प्रथम या युक्तिवादाचे बळ मान्य केले पाहिजे. आंतरशासकीय हवामानबदल समितीच्या २०१४ च्या अहवालात वीजनिर्मितीच्या विविध साधनांचे संपूर्ण जीवनचक्रातील उत्सर्जन दिले आहे. खाणकामापासून प्रकल्प मोडीत काढण्यापर्यंतचा हिशेब धरला तर दर युनिटमागे कोळशाचे मध्यम मूल्य ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूचे ४९० ग्रॅम आणि अणुऊर्जेचे अवघे १२ ग्रॅम येते. पवनऊर्जा जवळपास याच पातळीवर आहे. विरोधकांच्या साहित्यात हा आकडा बहुधा आढळत नाही आणि आढळला तरी ‘युरेनियमच्या खाणीतही डिझेल जळते’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. ते डिझेल या हिशेबात आधीच धरलेले आहे. कोकणात अणुप्रकल्पाविरुद्ध जेवढे लिहिले गेले, त्या मानाने जयगडच्या १२०० मेगावॉटच्या कोळशावरील प्रकल्पाविषयी राज्यपातळीवर फार थोडे लिहिले गेले. विरोधी बाजूच्या लेखनातील ही उणीव लहान नाही.

तथापि आकडा खरा असणे आणि तो पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. येथे ‘जनजागृती’चे गृहीतक तपासावे लागते. लोकांजवळ माहितीची कमतरता आहे, म्हणून त्यांना भीती वाटते. माहिती पुरवली की भीती ओसरेल, अशी ही धारणा आहे. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तीस धोक्यांची क्रमवारी दिली होती. त्यात अमेरिकेतील महिला मतदार संघटनेच्या सदस्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली होती, तर तज्ज्ञांनी ती विसाव्या क्रमांकावर ठेवली. ही तफावत अज्ञानाचा पुरावा म्हणून वारंवार उद्धृत होते. स्लोविक यांचे म्हणणे मात्र निराळे होते. तज्ज्ञ धोका मोजतात तो मुख्यतः वार्षिक मृत्यूंच्या संख्येने. सामान्य माणूस त्याच शब्दात इतर बाबीही धरतो : धोका आपण होऊन पत्करला की लादला गेला, तो आवाक्यात आहे की नाही, पुढच्या पिढीला त्याची झळ बसेल का. या बाबींना अज्ञान म्हणता येत नाही.

या संदर्भात ब्रायन विन यांचा इंग्लंडमधील कंब्रिया परगण्याचा अभ्यास अधिक बोलका आहे. एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तेथील डोंगरांवर पावसासोबत किरणोत्सारी सीझियम पडले. जून महिन्यात मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले आणि ते तीन आठवड्यांत उठतील असे शास्त्रज्ञांनी सांगितले. प्रत्यक्षात शेवटचे निर्बंध उठण्यास २०१२ साल उजाडले. शास्त्रज्ञांचा अंदाज चिकणमातीतील सीझियमच्या वर्तनावर बेतलेला होता. चिकणमाती ते धरून ठेवते. डोंगरावरील आम्लधर्मी, कुजक्या वनस्पतींनी भरलेल्या जमिनीत ते मोकळे राहते, गवतातून पुन्हा मेंढीच्या पोटात जाते. प्रयोगासाठी मेंढ्या कुंपणात कोंडण्याचे ठरले, तेव्हा मोकळ्या डोंगरावर चरणारी ही जात कुंपणात खंगते, असे मेंढपाळांनी सांगून पाहिले. ते कोणी मनावर घेतले नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. याच परिसरात १९५७ मध्ये विंडस्केल अणुभट्टीला आग लागली होती आणि तिची माहिती दडपली गेली होती, हेही त्यांच्या स्मरणात होते. मेंढपाळांचा अविश्वास त्यांच्या अनुभवातून आला होता. विन यांच्या मते गैरसमज असलाच तर तो शास्त्रज्ञांचा होता : लोकांना काय समजते याविषयीचा.

जैतापूर : हिशेबाबाहेरचे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल व वरीलवाडा येथील सुमारे ९३८ हेक्टर जमिनीवर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट, असा हा प्रस्ताव आहे. १६ मे २०१० रोजी माडबन येथे पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. परिणाम-मूल्यमापन अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही, अशी तक्रार ग्रामस्थांनी तेथे केली. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली आणि लगेच डिसेंबरच्या आरंभी फ्रान्सच्या अध्यक्षांच्या भारतभेटीत कराराची चौकट स्वाक्षरित झाली. मंजुरी कराराच्या मुहूर्तासाठी आली, की कराराची वेळ मंजुरीनंतर जुळून आली, याचा निवाडा करण्याची गरज नाही. गावात त्याचा अर्थ काय लावला गेला असेल, हे उघड आहे. पुढे ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा घडले आणि १८ एप्रिलला नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मृत्युमुखी पडला.

सुनावणीपासून आंदोलनापर्यंत जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. सरकारी नोंदीत ‘पडीक’ ठरलेला कातळ पावसाळ्यानंतर गुरांच्या चराईचा आधार असतो. त्याची किंमत कोण धरणार? प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने खाडीच्या मुखाशी येणाऱ्या मासळीचे काय होईल? संरक्षित क्षेत्र जाहीर झाल्यावर होड्यांनी कोणत्या वाटेने जायचे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘दर युनिटमागे १२ ग्रॅम’ हे नाही. २०१३ मध्ये भरपाईची रक्कम हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आणि जमीनधारकांपैकी अनेकांनी ती स्वीकारली. परंतु ही भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी होती. साखरी नाट्याच्या मच्छीमाराचा सातबारा समुद्रावर निघत नाही. त्याची उपजीविका भूसंपादनाच्या चौकटीत बसतच नव्हती. विरोध जमीनधारकांत मंदावला तरी मच्छीमारांत टिकून राहिला, याचा उलगडा यातून होतो. ‘अधिक अडाणी कोण’ या निकषाने तो होत नाही.

याच तालुक्याने आणखी एक गोष्ट पाहिली. अणुप्रकल्प पृथ्वीचे तापमान रोखण्यासाठी आवश्यक आहे, हे ऐकत असतानाच नाणार परिसरात वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला. २०१९ मध्ये तो तेथून मागे घेण्यात आला आणि पुढे त्याच तालुक्यातील बारसूचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती-सर्वेक्षणावरून मोठे आंदोलन झाले. एकाच सड्यावर एका हाताने कार्बन वाचवायचा आणि दुसऱ्या हाताने तेल शुद्ध करायचे, हे धोरण म्हणून समर्थनीय असेलही. देशाला वीजही लागते आणि इंधनही. परंतु ज्याला दोन्ही वेळी ‘राष्ट्रहितासाठी’ जमीन मागितली गेली, त्याला कार्बन हे कारण आहे की निमित्त, असा संशय आला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याच जिल्ह्यात गुहागरजवळचा एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प मोठा गाजावाजा होऊन २००१ मध्ये बंद पडला होता, ही आठवणही फार जुनी नव्हती.

कार्बनच्या युक्तिवादात तातडी अभिप्रेत असते. पण जैतापूरला प्रस्तावित असलेल्या याच प्रकारच्या अणुभट्टीचे फ्रान्समधील फ्लामाँव्हिल येथील काम २००७ मध्ये सुरू झाले आणि ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. तातडीचा उपाय म्हणून सतरा वर्षे हा काळ फार मोठा आहे. समर्थकांनी याचा खुलासा गावकऱ्यांना नव्हे, निदान अर्थतज्ज्ञांना तरी द्यावयास हवा.

फुकुशिमाचा अर्थ

फुकुशिमात किरणोत्सर्गाच्या तीव्र बाधेने एकही मृत्यू झाला नाही, हे विधान जनजागृतीच्या बहुतेक व्याख्यानांत असते आणि ते खरे आहे. मात्र दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि स्थलांतराच्या हालअपेष्टांशी संबंधित म्हणून त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. अभियंता पहिली संख्या पाहतो. ज्याला घर सोडावे लागेल तो दुसरी पाहतो. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीने २०१२ मध्ये या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटले आणि कंपनी व नियामक यांच्यातील साटेलोटे हे तिचे मूळ ठरवले. म्हणजे धोक्याचा प्रश्न संस्थांच्या चारित्र्याचाही होता.

भारतात या अंगाने काय दिसते? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये कार्यकारी आदेशाने स्थापन झाले. ज्या अणुऊर्जा आयोगाला ते उत्तरदायी होते, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिवही असत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या या दुय्यम स्थानावर कठोर टीका केली. स्थापनेच्या आदेशातच अपेक्षित असलेले किरणोत्सर्ग-सुरक्षा धोरण तीन दशके होत आली तरी तयार नाही, हेही त्यात नोंदले होते. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर रद्दबातल झाले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. बेचाळीस वर्षे रखडलेली सुधारणा खाजगी गुंतवणुकीच्या हातात हात घालून यावी, हा योगायोग लोकांच्या नजरेतून सुटेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

तारापूरचे उदाहरणही असेच दुहेरी आहे. पाच दशकांहून अधिक काळ चेर्नोबिलसारखी दुर्घटना न होता चाललेले हे केंद्र प्रचारासाठी सर्वांत भक्कम पुरावा ठरावयास हवे होते. परंतु तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोकणातून तारापूर पाहण्यास नेलेला पाहुणा नियंत्रणकक्ष पाहून येतो. पुनर्वसित वस्ती दाखवण्याचा कार्यक्रम सहलीत असल्याचे ऐकिवात नाही.

याउलट फिनलंडच्या अणुऊर्जा कायद्याने १९८७ पासून स्थानिक नगरपालिकेला प्रकल्प नाकारण्याचा पूर्ण अधिकार दिला आहे. युराजोकी नगरपालिकेने २००० मध्ये वापरलेल्या इंधनाच्या कायमस्वरूपी भूगर्भीय साठवणीस मतदानाने संमती दिली, ती हा अधिकार हाती असताना. तेथे अणुवीजकेंद्र आधीपासूनच होते, कर व रोजगाराचा लाभ मिळत होता, लोकसंख्या विरळ होती. कोकणाशी थेट तुलना करता येणार नाही. पण ‘नाही’ म्हणता येत असेल तरच ‘हो’ला किंमत असते, एवढे त्यातून घेता येते. आपल्याकडील जनसुनावणीत आक्षेप नोंदवता येतो, नकार देता येत नाही.

जैतापूरची जमीन संपादित झालेली आहे आणि फ्रेंच कंपनीने तांत्रिक-वाणिज्यिक प्रस्ताव २०२१ मध्ये सादर केला आहे. अणुभट्टीचे काम मात्र सुरू झालेले नाही. हा रिकामा काळ वापरता येण्याजोगा आहे. खाडीच्या मुखाशी समुद्राचे तापमान आणि साखरी नाट्याच्या बंदरात उतरणारी मासळी यांची वर्षभराची नोंद मच्छीमार सहकारी संस्था व एखादे विद्यापीठ यांनी मिळून ठेवावी, ती मराठीत प्रसिद्ध व्हावी आणि तिचे मूळ आकडे दोन्ही पक्षांकडे असावेत. अशी नोंद आज नसेल तर प्रकल्पानंतर मासळी कमी झाली की नाही, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही : विरोधकांना नाही, आणि महामंडळालाही नाही.