टाकाऊतले किती, विकतचे किती?

टोगो या देशाची राजधानी लोमे. तिथल्या 'वोएलॅब' या लोकांसाठी खुल्या असलेल्या कार्यशाळेत अफाते ग्निकू या तरुणाने २०१३ साली भंगारातले प्रिंटर, स्कॅनर व संगणक यांचे भाग जुळवून त्रिमिती प्रिंटर उभा केला. खर्च सुमारे शंभर डॉलर, अशी बातमी जगभर झाली. कौतुक आम्हालाही आहे. पण वर्गात ही गोष्ट 'टाकाऊतून टिकाऊ'च्या साच्यात बसवून सांगितली जाते, तिथे आमची तक्रार आहे.

या यंत्राचा जीव म्हणजे स्टेपर मोटर. ती सलग न फिरता पावले टाकत फिरते. नव्या यंत्रात सहसा एका फेऱ्याला २०० पावलांची मोटर असते. तिच्यावर २० दात्यांची कप्पी आणि २ मिलिमीटर अंतरावर दाते असलेला पट्टा बसवला, तर एका फेऱ्यात पट्टा ४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका पावलाला ०.२ मिलिमीटर. भंगारात पुष्कळदा ४८ पावलांची मोटर हाती लागते. तिचे एक पाऊल ०.८३ मिलिमीटर! प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीचे छिद्रच मुळी ०.४ मिलिमीटरचे. चालक-मंडल पावलाचे तुकडे पाडते हे खरे, पण त्या प्रमाणात अचूकता वाढत नाही. शिवाय प्रत्येक भंगार निराळे, त्यामुळे एकाचा आराखडा दुसऱ्याला जसाच्या तसा चालत नाही. अलीकडच्या बऱ्याच इंकजेट प्रिंटरांत तर स्टेपरऐवजी साधी डीसी मोटरच निघते.

तापणारी तोटी, नियंत्रक पाटी, प्लास्टिकची तार या वस्तू बहुधा विकतच आणाव्या लागतात. शोधाशोधीतले दिवस शंभर डॉलरांत कोणी धरत नाही. स्वस्ताईचे मोठे श्रेय खुल्या आराखड्यांना आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये 'रेपरॅप' प्रकल्प सुरू केला आणि आराखडे सर्वांना मोकळे ठेवले. २००९ मध्ये या पद्धतीचे मूळ पेटंटही संपले.

आणि कचरा? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो २२.३ टक्के. एका प्रिंटरला चार-पाच मोटरी, काही दांडे आणि पट्टे पुरतात. शिसे असलेली काच आणि जुन्या पाट्या तिथेच राहतात.

मग वोएलॅबचे मोल कशात? यंत्र उघडून पाहण्यात, असे आम्हाला वाटते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. तिथेही भर हाताने करून शिकण्यावरच होता.

शाळेत प्रिंटर बनवण्याचा हट्ट नको. एक जुनी स्टेपर मोटर मिळवा, हाताने फिरवून पावले मोजायला लावा. तिच्या दोन तारांना एलईडी जोडून फिरवली तर तो लुकलुकतो. मात्र जुना मॉनिटर आणि संगणकाचा वीजपुरवठा-डबा मुलांना उघडू देऊ नये. प्लग काढल्यावरही त्यांतल्या धारित्रांत धोक्याचा भार उरलेला असू शकतो.