'येतो' आणि 'लेफ्ट'

मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणाचीही वही उघडा, एक आकृती सापडेलच. डावीकडे पाठवणारा, उजवीकडे घेणारा, मध्ये बाण, बाणावर संदेश आणि वरून टोचणारा 'नॉइज'. परीक्षेत हमखास येते. आकृतीवर माझा राग नाही. ती माणसांच्या बोलण्याचा सिद्धान्त म्हणून शिकवली जाते, त्यावर आहे.

ही आकृती क्लॉड शॅननची. तो बेल लॅब्जमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या धंद्यात होता. तारेतून सिग्नल कमीत कमी खर्चात आणि न बिघडता कसा जाईल, हा त्याचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाला देणंघेणं नाही, हे त्याने १९४८च्या लेखात सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. लेखाचं नाव होतं 'अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन'. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हरच्या विवेचनासह त्याचं पुस्तक झालं, तेव्हा 'अ'चा 'द' झाला. अनेकांतला एक सिद्धान्त होता, तो एकमेव होऊन बसला.

आता त्या आकृतीत हे बसवून बघा:

"काय म्हणतोस?"
"काही नाही."

रोज, लाखो वेळा, नाक्यानाक्यावर होणारं हे संभाषण. माहिती शून्य, आणि तरी ते टाळलं तर माणसं म्हणतात, शिंगं फुटली याला. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्कीने ट्रोब्रिआंड बेटांवर राहून आल्यावर १९२३मध्ये अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' हे नाव दिलं. काही सांगण्यासाठी नव्हे, नुसतं सोबत असण्यासाठी केलेलं बोलणं. आत्याचा सकाळी सहाचा सूर्यफुलवाला 'शुभ सकाळ' हा त्यातलाच. आपण त्याला हसतो, फोनची मेमरी भरते म्हणून वैतागतो. पण एखाद्या दिवशी तो आला नाही, की सात वाजेपर्यंत तिघांचे फोन जातात: बरी आहेस ना?

गंमत म्हणजे इथे शॅनन त्याच्यावरच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा शहाणा ठरतो. त्याच्या हिशेबात जितकं अनपेक्षित, तितकी माहिती जास्त. रोजचं सूर्यफूल जवळपास काहीच सांगत नाही. न आलेलं सूर्यफूल मात्र फार काही सांगतं. त्या पाच मार्कांच्या आकृतीतून नेमकं हेच गळलं आहे.

मग नवा सिद्धान्त कशासाठी हवा? कारण या सोबतीच्या बोलण्यात आता तिसरं कुणीतरी येऊन बसलंय. पॉल वॉट्झलाविक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मांडलं की माणसाला संवाद न करणं शक्यच नाही. गप्प बसणंही काहीतरी सांगतंच. खरं आहे. पण समोर बसून गप्प राहताना चेहरा माझा असतो, मान मी फिरवतो. २०१४मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या आणि 'याने वाचलं, पण उत्तर दिलं नाही' हे माझ्या वतीने कंपनी सांगू लागली. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. ग्रुपमध्ये तेही नाही.

ग्रुप सोडण्याचंच घ्या. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर घरातलं मोठं माणूस हटकतं. निरोपाच्या शब्दात परत यायचं वचन घालून ठेवणारी ही भाषा. आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत करड्या अक्षरांत फक्त 'लेफ्ट'. त्या एका शब्दावरून भावकीत अबोले झालेत. २०२२मध्ये कंपनीने नियम बदलला. आता सोडून गेल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. निरोप घ्यायची रीत एका अपडेटमध्ये बदलली. ती कुणी बदलायची, हा प्रश्न शॅननला पडायचं कारण नव्हतं. आपल्याला पडायला हवा.

पाश्चात्त्य आकृत्यांना कंटाळून काहीजण नाट्यशास्त्राकडे वळले. काठमांडू विद्यापीठातले निर्मलमणि अधिकारी यांनी २००३मध्ये 'साधारणीकरण' प्रारूप मांडलं. भट्टनायकाने रसचर्चेत आणलेली ही संज्ञा: पात्राचं दुःख एकट्या पात्राचं न राहता पाहणाऱ्या सगळ्यांचं होतं. इथे दोन्ही बाजूंना 'सहृदय' आहेत. कल्पना सुंदर आहे, आणि ऐकणाऱ्यालाही तयारी लागते हे त्यात गृहीत आहे, जे आकृतीत कुठेच नाही. पण जातींच्या उतरंडीतही सहृदयतेमुळे संवाद यशस्वी होतो, असा या मांडणीचा दावा आहे, आणि तिथे मी थांबतो. उतरंड तशीच ठेवून झालेला संवाद यशस्वी कुणाच्या मते?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं आणि नाव ठेवलं 'मूकनायक'. माझ्या मते हे नाव हाच संवादाचा एक सिद्धान्त आहे. ते पाठवणारा-घेणारापासून सुरू होत नाही, बोलूच न दिलेल्या माणसापासून सुरू होतं. 'केसरी'ने या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे पुढे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलं. तिथे नॉइज नव्हता. तार ठणठणीत होती. ती ज्याच्या हातात होती त्याने नाही म्हटलं. सहृदयतेची वाट बघत बसले असते तर अंक निघाला नसता.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीवरून भांडण पेटलं, तेव्हा कुणीतरी 'फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकतील' हे बटण दाबलं. आता तिथे फक्त नोटिसा येतात आणि भांडण खाली टाकीपाशी चालतं, जिथे निदान सगळे ओरडू शकतात. वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या बायका मात्र ग्रुपमध्ये कधीच नव्हत्या. निम्म्या नोटिसा त्यांच्याविषयी असतात: लिफ्ट कोणती वापरायची, गेटवर सही कुठे करायची, सणाला किती द्यायचे.