अलभ्य लाभाची कथा : जुन्या व्हिडिओ गेमच्या प्राप्तिकथांचे चिकित्सक वाचन

बीजसंज्ञा : प्राप्तिकथा, संग्रह, व्हिडिओ गेम, सीलबंद वस्तू, जतन

प्रस्तावना

'अलभ्य लाभ' हा मराठीतील नित्य वापरातला शब्दप्रयोग आहे. बऱ्याच वर्षांनी एखादी प्रिय व्यक्ती न कळवता दारात उभी राहिली, की तो सहज तोंडी येतो. त्यात दोन अर्थ एकवटले आहेत. एक, जे मिळणार नाही असे मनाने धरले होते ते मिळणे. आणि दुसरा, ते खटपटीवाचून मिळणे. गेल्या काही दशकांत जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्राहकांमध्ये ज्या कथा आवडीने सांगितल्या जातात, त्यांचा गाभा हाच आहे. माळ्यावर, टेबलाच्या खणात, जुन्या बाजारात किंवा कचऱ्याच्या ढिगात एखादी वस्तू सापडते आणि ती अनेकांनी वर्षानुवर्षे शोधलेली असते. वृत्तपत्रे, लिलावगृहांची वर्णनपत्रे आणि माहितीपट यांतून या कथा पुनःपुन्हा येत असल्यामुळे त्यांना आता एक ठरावीक रूप प्राप्त झाले आहे. या कथाप्रकाराला प्रस्तुत लेखात 'प्राप्तिकथा' असे म्हटले आहे.

प्राप्तिकथा वरवर पाहता दैवाची कथा असते. तथापि बारकाईने वाचल्यास तिच्यात एक विसंगती दिसते. ज्याने वस्तूची दीर्घकाळ इच्छा धरली आणि ज्याला ती अवचित मिळाली, ती माणसे बहुधा एक नसतात. कथा ही फट झाकून टाकते. या झाकण्याचा परिणाम वस्तूच्या किमतीवर होतो, तसाच तो खेळाच्या जतनावरही होतो. तीन प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे या परिणामाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खणातला मारिओ

२ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतील एका लिलावात 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमची एक सीलबंद प्रत ६ लाख ६० हजार डॉलरांना विकली गेली. ती १९८६ च्या अखेरीस नाताळची भेट म्हणून विकत घेतलेली होती. ती टेबलाच्या खणात ठेवली गेली, विसरली गेली आणि २०२१ च्या आरंभी पुन्हा हाती लागली. तत्पूर्वी २०१९ मध्ये नेव्हाडा राज्यातील रीनो येथे एका घराच्या माळ्यावर 'किड इकारस' या गेमची न उघडलेली प्रत सापडली होती. ती दुकानाच्या पिशवीतच होती आणि सोबत डिसेंबर १९८८ ची पावतीही होती. तिला लिलावात ९ हजार डॉलर मिळाले.

या दोन्ही कथांची रचना सारखी आहे. खरेदी, विस्मरण, घराची आवराआवर, आश्चर्य आणि शेवटी किंमत असे तिचे टप्पे आहेत. येथे नायकाचा गुण कोणता, असा प्रश्न विचारल्यास उत्तर चमत्कारिक येते. त्याचा एकमेव गुण म्हणजे त्याचे विसरणे. गेम लक्षात राहिला असता तर उघडला गेला असता, खेळला गेला असता आणि कथा घडलीच नसती. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या चार कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या आहेत. म्हणजे गेम दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते त्याचे न खेळले जाणे. भेट म्हणून घेतलेली वस्तू भेटीच्या जागी पोहोचली नाही, ही मूळ घटना खरे तर एका छोट्या निराशेची आहे. प्राप्तिकथेत मात्र तीच भाग्याची पूर्वतयारी ठरते.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मध्ये स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेल्या निबंधात, खऱ्या संग्राहकाच्या दृष्टीने जुने पुस्तक हाती येणे हा त्या पुस्तकाचा पुनर्जन्म असतो, अशा आशयाचे प्रतिपादन केले आहे. ही कल्पना खणातल्या मारिओला लावून पाहणे उद्बोधक ठरते. सापडलेली प्रत तज्ज्ञांकडे जाते, तिच्या खोक्याला व आवरणाला गुण दिले जातात आणि ती पारदर्शक प्लास्टिकच्या कठीण पेटीत कायमची बंद होते. खणाच्या अंधारातून ती पेटीच्या उजेडात येते, इतकाच फरक पडतो. याला पुनर्जन्म म्हणणे कठीण आहे.

वाळवंटातले उत्खनन

दुसरे उदाहरण न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावाचे आहे. अटारी कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये आपला न खपलेला माल या गावाच्या कचराभूमीत पुरला. त्यात 'ई. टी.' या चित्रपटावर आधारित गेमच्या कार्ट्रिज होत्या. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी हा गेम १९८२ मध्ये जेमतेम पाच आठवड्यांत तयार केला होता. पुढे या पुरण्याची दंतकथा झाली. लाखो प्रती वाळवंटात गाडल्या आहेत, असे काही सांगत. असे काही घडलेच नाही, असे इतर म्हणत. २६ एप्रिल २०१४ रोजी लोकांच्या उपस्थितीत उत्खनन झाले आणि सुमारे १,३०० कार्ट्रिज बाहेर काढण्यात आल्या. झॅक पेन यांचा 'अटारी : गेम ओव्हर' (२०१४) हा माहितीपट या घटनेवर आधारलेला आहे.

येथे इच्छा खरोखरच दीर्घकालीन होती. मात्र ती नेमकी कशाची होती, हे तपासले पाहिजे. 'ई. टी.'ची कार्ट्रिज कधीच दुर्मिळ नव्हती. जुन्या बाजारात ती अल्प किमतीत मिळत असे. म्हणजे लोकांना हवी होती ती दंतकथेची साक्ष. बाहेर निघालेल्या कार्ट्रिज चेपलेल्या आणि मातीने माखलेल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ८८० कार्ट्रिजच्या विक्रीतून १ लाख ७ हजार डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. एक 'ई. टी.' कार्ट्रिज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेली. खणातल्या मारिओची किंमत त्याच्या निष्कलंकपणात होती. येथे ती कलंकातच आहे. दोन्हीकडे खेळण्याच्या गुणाचा किमतीशी संबंध उरलेला नाही, हे साम्य महत्त्वाचे आहे.

तरीही पेन यांच्या माहितीपटाचे एक श्रेय मान्य करावे लागते. तो वस्तूवर थांबत नाही, निर्मात्याकडे वळतो. एका गेममुळे संपूर्ण कंपनी बुडाली, हा आरोप वॉरशॉ यांनी तीन दशके सोसला. उत्खननस्थळी जमलेला जनसमुदाय पाहून त्यांचे डोळे भरून येतात, तो क्षण माहितीपटाचा उत्कर्षबिंदू आहे. गाडलेली वस्तू वर आली म्हणून नव्हे, तर एका माणसाच्या पाच आठवड्यांच्या श्रमांकडे लोकांनी पुन्हा आस्थेने पाहिले म्हणून तेथे प्राप्ती घडते. ज्याने काही मागितले नव्हते त्यालाच ती झाली, हेही लक्षणीय आहे.

पंचाहत्तर डॉलरांचा गठ्ठा

तिसरे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. जून १९९१ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात सोनी कंपनीने निन्टेन्डोच्या सहकार्याने सीडी चालवणारे गेमयंत्र काढण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी केल्याची घोषणा केली. सोनीने पुढे स्वतंत्र मार्ग धरला आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आपले 'प्लेस्टेशन' बाजारात आणले. फिसकटलेल्या भागीदारीतून बनलेले संयुक्त यंत्र कधीच विक्रीस आले नाही. त्याचे काही नमुने तयार झाले होते, एवढेच जाणकार सांगत असत.

२००९ मध्ये दिवाळे निघालेल्या एका अमेरिकी वित्तसंस्थेच्या सामानाचा लिलाव झाला. त्यातील एक गठ्ठा तेथील एका माजी कर्मचाऱ्याने ७५ डॉलरांना घेतला. त्या सामानात हे यंत्र होते. सोनीच्या एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्याकडून ते तेथे आले असावे, असे मानले जाते. २०१५ मध्ये त्या कुटुंबाने यंत्राची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा हाती काय लागले आहे याची खरी कल्पना त्यांना आली. मार्च २०२० मध्ये ते यंत्र ३ लाख ६० हजार डॉलरांना विकले गेले. ज्यांनी त्याचा ध्यास घेतला होता त्यांना ते मिळाले नाही, आणि ज्यांना मिळाले त्यांनी त्याचा ध्यास घेतला नव्हता. येथे ही फट स्पष्टपणे समोर येते.

या कथेचा मधला भाग, म्हणजे २०१५ ते २०२० हा काळ, विशेष विचारात घेण्यासारखा आहे. यंत्र पेटीत बंद झाले नाही. ते निरनिराळ्या प्रदर्शनांत लोकांसमोर मांडले गेले. बेंजामिन हेकेनडॉर्न या तंत्रज्ञाने ते उघडले आणि २०१७ मध्ये त्याचा बंद पडलेला सीडीचा भाग चालू केला. ज्या यंत्रासाठी सीडीवरचा एकही गेम कधी बाजारात आला नव्हता, त्याच्यासाठी हौशी प्रोग्रामरांनी नवा गेम लिहिला. म्हणजे येथे अवचित लाभ एका कुटुंबापुरता राहिला नाही. ज्यांची इच्छा होती त्यांनाही वस्तूचा नव्हे, पण तिच्या ज्ञानाचा वाटा मिळाला. इच्छा आणि प्राप्ती यांतील फट किमतीने बुजत नाही. ती अशा वाटपाने काही अंशी बुजते.

उघडी कार्ट्रिज

या गाजलेल्या कथांच्या छायेत एक साधी प्राप्तिकथा नेहमीच घडत असते आणि ती बातमी होत नाही. जुन्या बाजारात खोक्याविना, पुस्तिकेविना पडलेली कार्ट्रिज लहानपणापासून ती हवी असलेल्या माणसाच्या हाती लागते. येथे मात्र इच्छा आणि प्राप्ती एकाच माणसाची असते. अशा कार्ट्रिजवर पुष्कळदा आधीच्या मालकाचे नाव पेनाने लिहिलेले असते. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती साठवण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी बसवलेली होती आणि तीन खेळाडूंच्या नावांची सोय होती. बॅटरी टिकून असेल तर पडद्यावर कोणा अनोळखी मुलाचे नाव आणि त्याने अर्ध्यावर सोडलेला प्रवास उमटतो. बॅटरी कधी ना कधी संपते. ती सरळ काढून बदलली तर साठवलेले पुसले जाते. न बदलावी तर तेही काही काळाने नाहीसे होतेच. नव्या मालकाला निवड करावी लागते आणि या निवडीतच त्याचे वस्तूशी नाते सुरू होते. सीलबंद पेटीतील 'झेल्डा'ची बॅटरीही वयानुसार क्षीण होतच असते; फक्त ती कोणाला दिसत नाही.

भारतीय अनुभव या संदर्भात वेगळा प्रकाश टाकतो. १९९० च्या दशकात येथील बहुसंख्य घरांत पोहोचले ते मूळ यंत्र नव्हे, तर त्याच्या स्वस्त नकला. महाराष्ट्रात कार्ट्रिजला सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई आणि एका कॅसेटवर असंख्य गेम असल्याचा दावा छापलेला असे. प्रत्यक्षात तेच ते गेम पुनःपुन्हा येत. मित्रांमध्ये अदलाबदल करून खेळल्या गेलेल्या या कॅसेटना गुणांकनाच्या बाजारात स्थान नाही. परंतु त्या काळी मूल असलेल्या वाचकाला आज तशी कॅसेट अवचित सापडली, तर त्याचा आनंद खणातल्या मारिओपेक्षा उणा असणार नाही. कारण तेथे आनंदाचा आधार किंमत नसून स्मृती आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सीलबंद प्रतही इतिहासाचे साधन आहे. खोक्याची छपाई, आवरणाची पद्धत, पावती यांतून त्या काळच्या व्यापाराची माहिती मिळते. शिवाय कंपन्यांनी कचऱ्यात टाकलेले संग्राहकांनीच वाचवले. हा आक्षेप मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दूरस्थपणे खेळू देण्याची परवानगी मागितली होती. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने नाकारली. अशा स्थितीत जे गेम सहजी खेळता येत नाहीत, त्यांच्या सापडलेल्या प्रती हाच अनेकदा त्या खेळापर्यंत जाण्याचा मार्ग असतो. हा मार्ग पेटीत बंद होणे ही केवळ संग्राहकाची खाजगी बाब राहत नाही.

समारोप

वरील तीन कथांमध्ये दैव सारखेच उदार आहे. फरक पडतो तो सापडल्यानंतरच्या वर्तनाने. खणातला मारिओ अधिक घट्ट बंद झाला. अलामोगोर्डोची कार्ट्रिज साक्ष म्हणून उरली, पण तिच्या निमित्ताने एका निर्मात्यावरचा डाग पुसट झाला. ७५ डॉलरांचे यंत्र उघडले गेले, दुरुस्त झाले आणि त्यातून नवा खेळ जन्मला. पुस्तक मिटलेले असले तरी पुस्तकच असते. गेम मात्र खेळला जात असतानाच पूर्णार्थाने गेम असतो. एरवी ते प्लास्टिकचे कवच आणि त्यातील चकती असते. म्हणून प्राप्तिकथेचे मूल्यमापन करताना वस्तू कशी सापडली आणि कितीला गेली, एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. ती सापडल्यावर कोणी उघडली, कोणी खेळली आणि कोणाला खेळू दिली, हेही पाहिले पाहिजे. दारात आलेल्या पाहुण्याला 'अलभ्य लाभ' म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे ठेवण्याची रीत मराठी घरात नाही. त्याला आत बोलवावे लागते.