मंडईचं घड्याळ आणि वेळेची मालकी

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतीबा फुले मंडई, आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण तिच्या मनोऱ्यावरचं घड्याळ वाचलं आहे का? वारशावरची पुस्तकं सांगतात ते असं : इमारत 1869 मध्ये पुरी झाली, आराखडा विल्यम इमर्सनचा, प्रवेशदारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. हे सगळं खरं आहे. आमची तक्रार एवढीच, की हे वर्णन घड्याळाला शोभेची वस्तू समजतं. आमच्या मते ते एक विधान आहे.

आता क्रम बघा. मंडई उभी केली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी. त्यांचा हात इतका सैल, की 1871 मध्ये करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहता याच वादात पुढे आले. त्यातून 1872 चा कायदा झाला आणि महापालिकेच्या 64 सभासदांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे ठरले. म्हणजे ज्या उधळपट्टीच्या काळानं हा मनोरा दिला, तिच्यावरच्या रागातून शहराला स्वतःचा आवाज मिळाला.

हा आवाज 1906 मध्ये घड्याळापाशी येऊन बोलला. त्या वर्षी 1 जानेवारीपासून सरकारनं ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ 4 तास 51 मिनिटं पुढे. फरक 39 मिनिटांचा! महापालिकेनं त्याच वर्षी ठराव करून आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ परत आणली, आणि शहरात दोन वेळा कितीतरी वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. आगगाडी एका वेळेनं, पालिका दुसऱ्या.

याला नुसता स्वदेशी बाणा म्हणून टाळ्या द्याव्यात का? आम्हाला तसं वाटत नाही. मुंबईची वेळ तरी कुठे सूर्यानं हातात आणून दिली होती? तीही गणितानं काढलेली सरासरी, तीही यंत्रावर दाखवलेली. बाजारातल्या माणसाचा दिवस त्याआधी अजान, आरती, उन्हाची तिरीप यांवर चालत होता. एका पिढीपूर्वीची परकी वेळ दुसऱ्या पिढीला 'आपली' वाटली, ती वापरामुळे.

आणि 'आपली' म्हणजे कोणाची? त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनीही नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं. नगरसेवकासाठी प्रश्न मानाचा होता, कामगारासाठी झोपेचा. काटा 39 मिनिटं पुढे सरकवला आणि भोंगा जुन्याच आकड्यावर वाजला, तर माणसाला तेवढं आधी, अंधारात उठावं लागतं. सभागृहातलं भाषण आणि गिरणीच्या दारातला संप, दोन्हींच्या तोंडी मागणी एकच होती. तिच्यामागचं दुखणं मात्र वेगळं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की मनोऱ्याचा दगड धुऊन घड्याळ दुरुस्त केलं, तरी जतन अर्धंच होतं. तिथे एक पाटी हवी, आणि तिच्यावर शिल्पकाराच्या नावाबरोबर ही 39 मिनिटंही हवीत. नाहीतर येणाजाणारा वर बघेल, किती वाजले ते कळेल, पण कोणी वाजवले हे कळणार नाही.