नाव झाकलेले ‘कृष्णविवर’

मनावरात दिवाळी अंक हाती आला की आम्ही अनुक्रमणिकेत आधी नावे शोधतो, मीही त्यातलाच.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमध्ये २४ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी मांडले की, ठरावीक मर्यादेहून जड तारा श्वेतबटू होऊन स्थिरावत नाही. कृष्णविवराकडे नेणारी ही वाट. एडिंग्टन यांनी तिची खिल्ली उडवली. त्या दिवशी गणित हरले, नाव जिंकले. चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले १९८३ साली.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक ना. वि. जगताप, आद्याक्षरे उलटी वाचा, जयंत विष्णु नारळीकर! त्यांनी नाव झाकले, म्हणून परीक्षकांनी केवळ कथा तोलली. समीक्षेचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.